निक क्लेग यांना खुलं पत्र : आघाडीबद्दल तक्रार नाही, सहीबद्दल आहे

प्रति,
श्री. निक क्लेग,
उपपंतप्रधान आणि शेफील्ड हॅलमचे खासदार

शेफील्ड, १९ डिसेंबर २०१०

महोदय,

या पत्राची इंग्रजी प्रत तुमच्या मतदारसंघाच्या कार्यालयात टपालाने टाकली आहे. मराठीत वेगळं लिहिते आहे, कारण एप्रिल-मे महिन्यांत ‘या माणसाला मत द्या’ म्हणून मी ज्यांच्या मागे लागले होते त्यांतले बरेच जण मराठी आहेत आणि आता तेच मला जाब विचारतात: विद्यापीठाच्या शुल्कवाढीविरुद्ध मत देईन अशी सही करून क्लेग यांनी ९ डिसेंबरला वाढीच्या बाजूने मत कसं दिलं? भारतीय पासपोर्ट असला तरी राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून इथे राहणाऱ्या आम्हा लोकांना संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. अनेकांना हे माहीतही नसतं. यंदा मी माहीत करून देत फिरले, तुमच्यासाठी.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. हुजूर पक्षाशी हातमिळवणी केलीत याबद्दल मी तुम्हाला दोष देत नाही. ६ मेच्या निकालात त्यांना ३०६, मजूर पक्षाला २५८ आणि तुमच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाला ५७ जागा मिळाल्या. बहुमताला ३२६ लागतात. मजूर पक्षाला तुम्ही जोडून घेतलं असतं तरी बेरीज ३१५ च्या पुढे जात नव्हती. एवढा हिशेब कुणालाही कळतो. त्या आठवड्यात इथली वर्तमानपत्रं मात्र आभाळ कोसळल्यासारखी लिहीत होती. म्हणे त्रिशंकू संसद आली, आता पौंड गडगडणार, राज्यकारभार ठप्प होणार. आमच्या घरात त्यावर कुणी फारशी मान वर केली नाही. महाराष्ट्रात १९९५ पासून एका पक्षाचं सरकार आलेलंच नाही. १९९९ साली काँग्रेस आणि राष्ट्रवादी एकमेकांविरुद्ध लढले आणि निकाल लागल्यावर मांडीला मांडी लावून सत्तेत बसले. तुमचं सरकार पाच दिवसांत उभं राहिलं तेव्हा पुण्याहून भावाने फोनवर विचारलं, “एवढ्यात झालंसुद्धा? मग खात्यांवरून भांडणं कधी?”

त्याला खातेवाटप सांगितलं तेव्हा तो गप्पच झाला. अर्थ, गृह, परराष्ट्र, संरक्षण, यांतलं एकही वजनदार खातं तुमच्याकडे नाही. तुमचे कॅबिनेट मंत्री पाच. त्यांतल्या व्हिन्स केबल यांच्या उद्योग खात्यातच विद्यापीठं येतात. म्हणजे ज्या प्रश्नावर तुम्ही लेखी शब्द दिला होता, त्याच प्रश्नाचं खातं तुमच्या पदरात. “हे त्यांनी मागून घेतलं की गळ्यात मारलं?” असं भावाने विचारलं. मला अजून उत्तर देता आलेलं नाही.

मे महिन्यात लोक काय बोलत होते, ते तुम्हाला आठवतं का? ८ मेला तुमचे खासदार लंडनमध्ये स्मिथ स्क्वेअरला बैठकीला बसले होते आणि बाहेर जांभळे कपडे घातलेली माणसं मतदानपद्धती बदला म्हणून घोषणा देत होती. तुम्ही बाहेर येऊन त्यांच्याशी बोललात. दूरचित्रवाणीवर ते पाहताना बरं वाटलं होतं. १२ मेला डाउनिंग स्ट्रीटच्या बागेत तुम्ही आणि पंतप्रधान श्री. कॅमेरन शेजारी शेजारी उभे राहून हसत होतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरवाल्यांनी त्यावर लग्नाचे विनोद केले. १६ मेला बर्मिंगहॅमच्या खास अधिवेशनात तुमच्या कार्यकर्त्यांनी प्रचंड बहुमताने करार मान्य केला. मी ज्या कॉलेजच्या कार्यालयात काम करते तिथे चहाच्या वेळी दोन तट पडले. एक म्हणायचा, बरं झालं, आता तरी हे लोक एकमेकांचं ऐकून कारभार करतील. दुसरा म्हणायचा, हुजूर पक्षाला रोखायचं म्हणून यांना मत दिलं आणि यांनीच त्यांना दाराशी आणून सोडलं.

दुसऱ्या तटाची चीड मला तेव्हाही समजत होती. तुमच्या प्रचारपत्रकांवर मतांच्या आलेखाचे ते रंगीत खांब असत, एक उंच, एक मध्यम आणि एक बुटका, आणि खाली मजकूर की मजूर पक्ष इथे जिंकूच शकत नाही, लढत फक्त आमच्यात आणि हुजूर पक्षात आहे. हॅलममध्ये ते खरंही होतं. त्या खांबांकडे बघून मजूर पक्षाच्या कित्येक जुन्या मतदारांनी तुमच्यापुढे खूण केली. तरीही मी पहिल्या तटात होते. वाटाघाटी म्हटल्या की थोडं सोडावं लागतं आणि थोडं पदरात पडतं. पदरात पडलेलं मी नाकारत नाही. ओळखपत्रांची योजना मोडीत निघाली. आश्रय मागणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना कोंडून ठेवणं बंद करण्याचं वचन सरकारने दिलं आहे. एप्रिलपासून करमुक्त उत्पन्नाची मर्यादा ६,४७५ वरून ७,४७५ पौंडांवर जाईल. गरीब घरातल्या मुलांसाठी शाळांना जादा निधी मिळणार आहे. या गोष्टी तुमच्यामुळे झाल्या आणि मी त्या माझ्या ओळखीच्या लोकांना अजूनही सांगते.

पण ९ डिसेंबरनंतर सांगायला जीभ रेटत नाही.

त्याविषयी सविस्तर लिहिते, कारण या पत्राचं खरं कारण तेच आहे. निवडणुकीआधी तुमच्या पक्षाची एक प्रचारफीत आली होती. तुम्ही रस्त्यांवरून चालत आहात, आजूबाजूला कागद उडताहेत, आणि ते कागद म्हणजे जुन्या राजकारण्यांनी मोडलेली वचनं. त्याच प्रचारात राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेच्या कागदावर तुम्ही सही केलीत आणि तो हातात धरून फोटो काढलात. निवडून आलेल्या तुमच्या सर्व ५७ खासदारांची सही त्यावर आहे. मजकूर दोन ओळींचा. पुढच्या संसदेत शुल्कवाढीच्या कोणत्याही प्रस्तावाविरुद्ध मत देईन, आणि अधिक न्याय्य पर्याय आणावा म्हणून सरकारवर दबाव आणीन.

आता तुम्ही सांगता की आम्ही निवडणूक जिंकलो नाही, म्हणून जाहीरनामा जसाच्या तसा राबवता येत नाही. जाहीरनाम्यापुरतं मला ते मान्य आहे. शुल्क सहा वर्षांत संपवू, हे जाहीरनाम्यात होतं आणि ते स्वबळावरच्या सरकारचं काम होतं. ते सुटलं याबद्दल मी एक अक्षर काढणार नाही. पण त्या कागदावर सरकार कुणाचं असेल याचा उल्लेखच नाही. तिथे एका खासदाराने आपलं एक मत कसं टाकीन, ते सांगितलं आहे. निवडणूक हरलेला, तिसरा आलेला, विरोधी बाकांवर बसलेला, कोणताही खासदार ते पाळू शकतो. ‘सरकारवर दबाव आणीन’ हे वाक्य तर सरकार आपलं नसणार, हे धरूनच लिहिलेलं आहे.

शिवाय तुमच्या आघाडीच्या करारातच पळवाट ठेवली होती. विद्यापीठ शुल्काचा आढावा घेणाऱ्या लॉर्ड ब्राउन यांच्या अहवालावर सरकारने घेतलेली भूमिका मान्य नसेल तर लिबरल डेमोक्रॅट खासदारांनी तटस्थ राहावं, अशी सोय त्यात आहे. मे महिन्यातच ही सोय करून घेतलीत, याचा अर्थ विरोधात मत द्यायचं नाही हे मे महिन्यातच ठरलं होतं. निदान ती सोय तरी वापरायची! प्रस्ताव ३२३ विरुद्ध ३०२ असा, २१ मतांनी संमत झाला. तुमचे २८ खासदार बाजूने गेले. ते २८ जण नुसते जागेवर बसून राहिले असते, तरी सरकारची मतं तीनशेच्या आत आली असती आणि प्रस्ताव पडला असता. ही बेरीज मी रात्री बातम्या संपल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर करून पाहिली, आणि पुन्हा करून पाहिली, कारण माझा विश्वास बसेना. तुम्ही आघाडीत अगतिक होता असं मी तोवर लोकांना सांगत होते. प्रत्यक्षात निर्णय पूर्णपणे तुमच्या हातात होता.

तुमच्या पक्षात सगळ्यांनी मान खाली घातली असंही नाही. तुमचे २१ खासदार विरोधात गेले. चार्ल्स केनेडी आणि मिन्झीस कॅम्पबेल हे तुमचे दोन माजी नेते त्यांत आहेत. जेनी विलॉट आणि माइक क्रोकार्ट यांनी त्यासाठी मंत्र्यांच्या संसदीय मदतनिसाची पदं सोडली. आणि हा प्रस्ताव ज्यांच्या खात्याचा, ते श्री. केबल काही दिवस आधी आपणच तटस्थ राहावं की काय, असा विचार बोलून दाखवत होते! यावर काय बोलावं?

गेल्या महिन्यात आणखी एक कागद वर्तमानपत्रांत आला. निवडणुकीआधीचा, १६ मार्चचा, तुमच्या वाटाघाटी करणाऱ्या गटाचा. त्रिशंकू संसद आलीच तर अर्धवेळ विद्यार्थ्यांसाठी काही पदरात पाडून घ्यावं आणि शुल्काचं बाकी सगळं सोडून द्यावं, असं त्यात होतं. तुम्ही मुलांसमोर हसत सही केलीत तेव्हा हा कागद तुमच्या पक्षाच्या कपाटात होता. ‘सही करताना जास्त काळजी घ्यायला हवी होती,’ असं आता तुम्ही म्हणता. महोदय, सही करण्यात काही चुकलं नव्हतं.

माझा संबंध कुठे येतो, तेही सांगते. माझी मुलगी बारावीच्या वर्गात आहे, इथे पुढे तेरावीही असते. तिला २०१२ साली विद्यापीठात जायचंय, म्हणजे नव्या दराची पहिलीच तुकडी. आज वर्षाला ३,२९० पौंड शुल्क आहे, ते ९,००० पर्यंत जाऊ शकेल. तीन वर्षांचे सत्तावीस हजार, राहण्याजेवण्याचं कर्ज वेगळं. मला योजना कळत नाही असं समजू नका. पैसे आधी भरायचे नाहीत, २१,००० पौंडांच्या वर मिळकत गेली की वरच्या रकमेच्या ९ टक्के फेडायचे, तीस वर्षांनी उरलेलं माफ. अर्धवेळ शिकणाऱ्यांना प्रथमच शुल्कासाठी कर्ज मिळेल, हे चांगलं आहे. पण उच्च शिक्षणाची तरतूद ७.१ अब्जांवरून ४.२ अब्जांवर आणायची आणि ती तूट अठरा वर्षांच्या मुलांच्या नावावर लिहायची, हा निर्णय सरकारी तुटीच्या नावाखाली खपवला जातोय. मुलीचं म्हणणं आमच्यापेक्षा सरळ आहे. ती म्हणते, “आई, फी वाढली याचं मला एवढं काही नाही. त्यांनी लिहून दिलं होतं ना?”

आमच्या कॉलेजच्या खिडकीवर मी रोज जी मुलं बघते, त्यांचं दुखणं वेगळंच आहे. सोळा वर्षांनंतर शिकत राहणाऱ्या मुलांना आठवड्याला दहा, वीस किंवा तीस पौंड शिक्षणभत्ता मिळतो. घरचं उत्पन्न साधारण एकवीस हजारांच्या आत असेल तर तीस. सगळे तास हजर असलं तरच तो आठवडा जमा होतो. त्यामुळे दर सोमवारी खिडकीशी गर्दी असते. कुणाच्या हजेरीची खूण राहिली, कुणी डॉक्टरकडे गेल्याची चिठ्ठी आणली. एक मुलगा, सतरा वर्षांचा, वीजतंत्र्याचं शिक्षण घेतो. दोन बस बदलून येतो. त्याच्या तीस पौंडांतले बरेचसे बसच्या पासात जातात आणि उरलेल्यात दुपारचं खाणं. २० ऑक्टोबरच्या खर्चकपातीत हा भत्ता इंग्लंडमध्ये बंद करायचं ठरलं. सहा लाखांहून जास्त मुलांना तो मिळतो. या मुलाने मला विचारलं, “मी दुसऱ्या वर्षाला असेन तेव्हा मिळेल ना? मी तर आधीच सुरू केलंय.” मला नाही म्हणावं लागलं. त्याने मान हलवली आणि पुढच्याला जागा दिली. महोदय, शुल्काचं कर्ज तीस वर्षांत फेडता येईल, बसचं तिकीट मात्र त्याच दिवशी काढावं लागतं.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात मांडते.

‘हुजूर पक्ष व्हॅटचा बॉम्ब टाकणार, घरामागे वर्षाला ३८९ पौंडांचा,’ असं मोठं फलक-प्रकाशन तुम्ही एप्रिलमध्ये केलंत. २२ जूनच्या अर्थसंकल्पात व्हॅट साडेसतरावरून वीस टक्के झाला आणि येत्या ४ जानेवारीपासून तो लागू होईल. त्या फलकाचं काय झालं?

शेफील्ड फोर्जमास्टर्सला मंजूर झालेलं आठ कोटी पौंडांचं कर्ज जूनमध्ये रद्द झालं. हा कारखाना आपल्या शहरातला. अणुभट्ट्यांचे अजस्र सुटे भाग घडवणारी १५,००० टनी दाबयंत्रणा तिथे उभी राहणार होती. आणि ते कर्ज होतं, देणगी नव्हे, व्याजासकट परत यायचं होतं. शेफील्डचा खासदार उपपंतप्रधान झाला आणि महिनाभरात शेफील्डचं कर्ज गेलं. बसमध्ये लोक हे वाक्य याच शब्दांत बोलतात, मी फक्त उतरवून घेते.

तिसरी गोष्ट आम्हा स्थलांतरितांची. युरोपबाहेरून येणाऱ्या कामगारांवर सरसकट आकड्याची मर्यादा घालण्याला निवडणुकीत तुमचा विरोध होता. सरकारात आल्यावर २४,१०० ची तात्पुरती मर्यादा आली, आणि परवा शुक्रवारी उच्च न्यायालयाने ती संसदेला डावलून आणल्याबद्दल बेकायदा ठरवली. दरम्यान कंपनीतर्फे बदलीवर येणाऱ्यांना वर्षाहून जास्त राहायचं तर ४०,००० पौंड पगाराची अट जाहीर झाली आहे. जुलैत श्री. कॅमेरन बंगळुरूला इन्फोसिसमध्ये जाऊन व्यापार वाढवण्याची भाषा करून आले. पुण्याच्या हिंजवडीतून इथे येण्याची तयारी करून बसलेल्या पोरांना त्या भाषणाचा अर्थ कसा लावावा ते सांगा. आमच्या घरात उदारमतवादी म्हटलं की आधी रानडे-गोखल्यांची नावं निघतात. मुंबईत शिकवणारे दादाभाई नौरोजी १८९२ साली सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या पाच मतांनी निवडून आले, ते तुमच्या पक्षाचे पूर्वज असलेल्या लिबरल पक्षाकडूनच. बाहेरून आलेल्या माणसाला दार उघडं ठेवणारा पक्ष म्हणून आम्ही तुमच्याकडे वळलो, त्यामागे ही जुनी ओळखही होती.

लोकांच्या रागाबद्दलही बोलायला हवं. १० नोव्हेंबरला लंडनच्या मोर्चात सुमारे पन्नास हजार लोक होते. मिलबँकला हुजूर पक्षाच्या कार्यालयाच्या काचा फुटल्या. तुमचा पुतळा जाळला गेला. ९ डिसेंबरच्या रात्री मुलांना पोलिसांनी वेस्टमिन्स्टर पुलावर तासन्‌तास थंडीत कोंडून ठेवलं. काचा फोडणं मला मान्य नाही, पुतळे जाळणंही नाही, आणि तुम्हाला किंवा तुमच्या घरच्यांना कुणी त्रास देत असेल तर त्याचा मी निषेध करते. पण ही मुलं कोण आहेत ते बघा. रॅनमूरच्या मतदान केंद्राबाहेर ६ मेला रात्री दहापर्यंत रांगेत ताटकळून, मत न देताच ज्यांना परत जावं लागलं, त्यांत याच शहरातले विद्यार्थी होते. तुम्ही तेव्हा येऊन त्यांच्यापाशी दिलगिरी व्यक्त केली होतीत. २३ टक्के मतं तुम्हाला तेव्हा मिळाली. आता चाचण्यांत आकडा आठ-नऊवर आला आहे. पंधरा टक्के लोक सात महिन्यांत उगाच माथेफिरू होत नाहीत.

तेव्हा माझ्या मागण्या अशा आहेत.

शब्द मोडला हे सरळ कबूल करा आणि माफी मागा. सही करायला नको होती असं म्हणून नव्हे, मत द्यायला नको होतं असं म्हणून. हे लंडनच्या स्टुडिओत बसून करू नका. शेफील्डला उघडी सभा घ्या, विद्यार्थ्यांना आणि पालकांना आत सोडा, आणि आधी निवडून घेतलेल्या प्रश्नांऐवजी जे येतील त्यांना उत्तरं द्या. मी येईन आणि मुलीलाही आणीन. १६ मार्चच्या कागदाचं काय, हे मी तिथे विचारणार आहे, म्हणून आत्ताच कळवून ठेवते.

ज्या मुलांनी या सप्टेंबरात दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला, त्यांचा शिक्षणभत्ता दुसऱ्या वर्षाच्या शेवटपर्यंत चालू ठेवा. यासाठी आघाडी मोडावी लागत नाही, अर्थखात्यात तुमचेच डॅनी अलेक्झांडर बसले आहेत. विद्यापीठांना सहा हजारांच्या वर शुल्क घ्यायला परवानगी देण्याआधी गरीब घरातली किती मुलं घेणार, हे लेखी बांधून घ्या आणि न पाळणाऱ्यांना दंड करा. फोर्जमास्टर्सचं कर्ज का गेलं, त्याची कागदपत्रं खुली करा आणि प्रस्ताव पुन्हा विचारात घ्या. स्थलांतराची मर्यादा न्यायालयाने पाडली आहे, ती तांत्रिक दुरुस्ती करून तशीच परत आणण्याला मंत्रिमंडळात विरोध करा, आणि केलात तर आम्हाला कळू द्या.

शेवटची मागणी तुम्हाला सगळ्यात जड जाईल. मतदानपद्धती बदलायची की नाही यावर येत्या ५ मेला सार्वमत घ्यायचं ठरलं आहे, विधेयक अजून लॉर्ड्समध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात आहे. पसंतीक्रमाने मत देण्याची ही पद्धत मला हवी आहे. २३ टक्के मतांना ५७ जागा मिळाव्यात हे मला तुमच्याइतकंच अन्यायाचं वाटतं, आणि त्या खांबांच्या पत्रकांची गरजही त्याने संपेल. पण कॉलेजात, बसमध्ये, देवळात, जिथे हा विषय काढते तिथे एकच उत्तर मिळतं, ‘क्लेगना हवंय ना? मग नको.’ म्हणून त्या प्रचारात तुम्ही पुढे येऊ नका. भाषणं करू नका, फलकावर फोटो लावू नका. दारोदार आम्ही जाऊ, लोकांना समजावू. फक्त तेवढे दिवस तुम्ही शेफील्डच्या रस्त्यांवर दिसला नाहीत तर आमचं काम सोपं होईल.

आपली,
शेफील्ड हॅलममधली एक मतदार